दार नसलेले माहेर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या इमारतीत दरवर्षी एक गंमत असते. एरवी ज्या दारांना वरची कडी, खालची कडी, मधले कुलूप आणि शिवाय एक साखळी असते, ती दारे त्या दिवशी सताड उघडी असतात. लक्ष्मी यायची असते ना! तिने बेल वाजवून ताटकळत उभे राहावे, हे कुणालाच बरे वाटत नाही. मग एकमेकांच्या घरातले दिवे दिसतात, रांगोळ्या दिसतात, कुणाच्या घरी करंज्यांचा डबा किती मोठा आहे तेही दिसते. रात्री दहाच्या सुमाराला पुन्हा एकेक कडी वाजू लागते.

माझ्याही दाराला तीन कड्या आहेत. समोरच्या वहिनी नेहमी हसतात. म्हणतात, "बाई, एवढी कुलपं लावता, आणि माहेर म्हणे शिंगणापूरचं!"

त्यांचे हसणे खोटे नाही. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर हे माझे माहेर. ज्या गावात घराला दार लावत नाहीत, ते गाव. माझे सगळे लहानपण चौकट असलेल्या पण दार नसलेल्या घरात गेले. चौकटीला एक जुनेराचा पडदा असे. तो वाऱ्याने उडे आणि कोंबड्या घरात येत. सासरी आल्यावर पहिल्या रात्री सासूबाईंनी "कडी लाव गं" म्हणून सांगितले, तेव्हा ती कशी लावायची हे मला नवऱ्याला विचारावे लागले होते. घरात या गोष्टीवर अजून हसतात.

आमच्या गावच्या देवालाही घर नाही. साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा, तीच शनिदेव. वर छप्पर नाही, भोवती गाभारा नाही. ऊन, पाऊस, थंडी सगळे अंगावर. आजी सांगायची ती कथा अशी. फार पूर्वी पानसनाल्याला मोठा पूर आला आणि पुरातून ही शिळा वाहत येऊन बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्यांनी काठीचे टोक लावून पाहिले, तर शिळेतून रक्त आले. रात्री देवाने एकाच्या स्वप्नात येऊन सांगितले, मला गावात न्या. साऱ्या गावाने जोर लावला तरी शिळा हलेना. शेवटी सख्खे मामा-भाचे पुढे झाले तेव्हा ती उचलली. देऊळ बांधायचे म्हटले, तर देव म्हणाला, मला छप्पर नको, हे सगळे आभाळ माझेच आहे. आणि तुम्हीही दारे लावू नका, राखण मी करीन.

आता गाव पूर्वीचे राहिलेले नाही. शनिवारी आणि शनि अमावास्येला माणसांचा पूर येतो. २०११ साली एका बँकेची शाखा कुलपाशिवाय उघडली, त्याची बातमी परदेशापर्यंत गेली. २०१५ साली पोलीस ठाणेही आले. चौथऱ्यावर जायला बायकांना पूर्वापार मज्जाव होता. त्यासाठी आंदोलने झाली, उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांनाही खुला झाला. मी मोठ्या उत्साहाने आईला फोन केला. आई म्हणाली, "बरं झालं. पोरीबाळींना उपेगी पडंल. मला तर खालूनबी दिसतो. त्याला कुठं भिंती हायेत?"

देवाला भिंती नाहीत, हे तिचे वाक्य माझ्या मनात राहिले होते. ते पुन्हा आठवले ते पार जपानवरून आलेल्या एका निरोपामुळे.

मी बालवाडीची बाई. शिक्षण जुन्या भाषेत सांगायचे तर मॅट्रिकपर्यंतचे. दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्या मुले झोपल्यावर. माझे जपान म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली चार बेटे. पण माझ्या हाताखालून गेलेला, अ-आ-ई गिरवताना पाटीवर डोके ठेवून झोपणारा एक मुलगा मोठा होऊन जपानच्या क्यूशू बेटावर कामाला गेला. तो अधूनमधून मला मोबाइलवर लांबलचक मजकूर पाठवतो. शुद्धलेखन अजून तसेच आहे. एकदा त्याने लिहिले, "बाई, इथे ताकाचिहो म्हणून डोंगरातले गाव आहे. देवदर्शनाला गेलो, तर देवळात मूर्तीच नाही. देवळामागं नदी, नदीपलीकडं कड्यात गुहा. तिकडं कुणी जायचं नाही. अलीकडून हात जोडायचे. आपल्या शिंगणापूरची आठवण आली."

त्या गुहेची गोष्ट त्याने पुढे लिहिली होती, आणि ती मला इतकी आवडली, की नंतर मी मिळेल तिथून ती वाचून काढली.

जपानी लोकांच्या शिंतो धर्मात देवाला 'कामी' म्हणतात. कामी डोंगरात असतो, धबधब्यात असतो, जुन्या वृक्षात असतो, एखाद्या मोठ्या शिळेतही असतो. तशा वृक्षाला किंवा शिळेला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर गुंडाळलेला दिसला, की जाणाऱ्याने ओळखावे, इथे देव आहे. आपण शेंदूर लावतो, ते दोर बांधतात, एवढाच फरक. देवस्थानात शिरताना 'तोरिई' नावाची कमान लागते: दोन खांब, वर दोन आडव्या तुळया. दार मात्र नसते. नुसती चौकट. हे वाचले तेव्हा मला आमच्या घराची चौकट दिसली.

आपण तेहतीस कोटी म्हणतो, तसे ते ऐंशी लाख देव म्हणतात. त्यांत सगळ्यांत थोर देवी सूर्याची, अमातेरासु. होय, त्यांच्याकडे सूर्य ही बाई आहे. इसे या ठिकाणी तिचे सर्वांत मोठे देवस्थान आहे. तिथे तिचे प्रतीक म्हणून एक आरसा ठेवलेला आहे, आणि तो कुणाला दाखवत नाहीत. ते लाकडी देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर तसेच्या तसे नवे बांधतात आणि देवीला नव्या घरात नेतात. यापूर्वी २०१३ साली नेले, आता २०३३ साली नेतील. आमच्या देवाने घरच नाकारले, ही देवी वीस वर्षांनी घर बदलते. देवांचे स्वभाव वेगवेगळे असायचेच.

आता गुहेची गोष्ट. 'कोजिकी' नावाचा त्यांचा जुना ग्रंथ आहे, इसवी सन ७१२ मधला; त्यात ती आहे. अमातेरासुचा भाऊ सुसानोओ महा दांडगट. तो बहिणीकडे आला आणि त्याने काय करावे? तिच्या भातखाचरांचे बांध फोडले, पाट बुजवले. (नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे भांडण समजावून सांगायला नको!) बहीण म्हणाली, असू दे, त्याच्या मनात काही चांगलेच असेल. मग तर त्याने हद्दच केली. देवीच्या मागावर कापड विणले जात होते, त्या घराचे छप्पर फोडून त्याने कातडे सोललेला घोडा आत टाकला. त्या धक्क्याने माग चालवणारी एक बाई मरण पावली. तेव्हा मात्र अमातेरासु काही बोलली नाही. ती गुहेत गेली आणि तिने आतून दगडाचे दार लावून घेतले.

सूर्यच आत जाऊन बसल्यावर काय होणार? सगळीकडे अंधार. देव नदीकाठी जमले. कोंबडे आरवायला लावले; उपयोग नाही. एका झाडाला रत्नांच्या माळा आणि आरसा टांगला, मंत्र म्हटले. मग उझुमे नावाची देवी पुढे झाली. तिने एक लाकडी बुधली पालथी घातली, तिच्यावर चढून पाय आपटत अशी काही नाचू लागली, की तिच्या वस्त्रांचेही तिला भान राहिले नाही. तो नाच पाहून सगळे देव खो खो हसत सुटले.

आत बसलेल्या देवीला नवल वाटले. मी नाही, जग अंधारात, आणि हे हसतात कशाला? तिने दार बोटभर किलकिले करून तसे विचारले. उझुमे म्हणाली, "तुझ्यापेक्षा थोर देवी आली आहे, म्हणून आम्ही आनंदात आहो." तेवढ्यात देवांनी आरसा पुढे धरला. आपल्यापेक्षा थोर ती कोण हे पाहायला अमातेरासु जराशी पुढे वाकली, आणि दाराआड टपून बसलेल्या ताजिकाराओ या बलदंड देवाने तिचा हात धरून तिला बाहेर घेतले. दुसऱ्याने लगेच तिच्या पाठीमागे पेंढ्याचा दोर ताणला: आता यापलीकडे मागे जायचे नाही. त्या दगडी दाराचे काय झाले? ताजिकाराओने ते इतक्या जोराने भिरकावले, की दूर नागानो प्रांतात जाऊन पडले आणि त्याचा डोंगर झाला, अशी लोककथा आहे. त्या डोंगराचे नाव तोगाकुशी.

ताकाचिहोला ही गोष्ट अजून नाचून दाखवतात. सुगी झाल्यावर, थंडीच्या दिवसांत, एकेका वस्तीवर रात्रभर हा कार्यक्रम चालतो. योकागुरा म्हणतात त्याला. एकूण तेहतीस नाच. घरातल्याच मोठ्या खोलीत दोर बांधून जागा करायची, मुखवटे चढवायचे, ढोल आणि बासरी वाजवायची. गुहेच्या दाराचा प्रसंग यायला पहाट होते. "बाई, अगदी आपल्या जागरण-गोंधळासारखं," असे त्या मुलाने लिहिले होते. "म्हातारी माणसं पेंगत होती, पोरं मांडीवर झोपली होती. दार फेकायच्या वेळी मात्र सगळी जागी."

ही गोष्ट मी बालवाडीत सांगितली. उझुमेच्या नाचाला मुले फार हसली. मग मी ती विसरून गेले.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात वडील गेले. दिवसकार्य झाले, पाहुणे पांगले, भाऊ पुण्याला नोकरीवर गेला, मी नगरला आले. घरी आई एकटी. आणि ती माजघरात जाऊन बसली.

बसली म्हणजे कशी, ते सांगते. आमच्या घराला ओसरी आहे. वडील गेले तोवर आई दिवसभर ओसरीवरच असे. धान्य निवडणे तिथे, भांडण तिथे, जाणाऱ्या-येणाऱ्याला "चहा घेऊन जा" म्हणणे तिथेच. ती आता माजघरात, कणगीला पाठ लावून, उजेडाकडे पाठ करून बसू लागली. शेजारपाजारच्या बायका येत, दार नसल्यामुळे थेट आत येत, जवळ बसत, डोळे पुसत आणि उठून जात. आई "हं" म्हणे. चुलतीने भाकरी आणून दिली तर अर्धी खाई. मी दर रविवारी जात असे. मी बोले, ती ऐके. पण ऐकत होती की नाही, देव जाणे. ज्या घराला दार नाही त्या घरातही माणसाला आतून कडी लावून बसता येते, हे मला तेव्हा कळले.

भावाला वेगळीच काळजी. "आई एकटी, घर उघडं. उद्या काही झालं तर?" त्याने दार बसवायचे ठरवले. आणि मी त्याच्या बाजूने बोलले, हे कबूल केले पाहिजे. ज्या गावाचे कौतुक मी वर्षानुवर्षे सगळ्यांना सांगत आले, त्या गावातल्या माझ्याच घराला दार बसवा असे मी म्हटले. इतकेच नव्हे, लाकडी नको, लोखंडी बसवू, असेही मीच सुचवले. भावाने बाहेरगावचा कारागीर आणून चौकटीचे माप घेतले. आईला विचारले, तर ती "हं" म्हणाली.

मग दिवाळी आली. वर्षाच्या आतली दिवाळी, म्हणजे घरात तळण नाही, गोडधोड नाही. भाऊबंद आणून देतील तो फराळ. वसुबारसेला मुलांना घेऊन मी माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलती कढई, तुपाचा डबा आणि अनारशांचे पीठ घेऊन आमच्या ओसरीवर हजर.

मी म्हटले, "काकू, आमच्याकडं तळण चालत नाही या वर्षी."

"तुमचं कुठं हाये? पीठ माझं, तूप माझं, कढई माझी. तुमची नुसती ओसरी. माझ्या चुलीला वारं लागतं."

या वकिलीपुढे मी काय बोलणार? काकूने विटांची चूल मांडली, खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि तुपात सोडला. तो क्षणभर तरंगला, मग फाटला, आणि साऱ्या कढईभर पसरला.

"हसला!" काकू म्हणाली.

माझी धाकटी तिथेच बसली होती. तिने विचारले, "कोण हसलं?"

"ह्यो अनारसा."

"मग मी पण हसू?"

काकूला तेवढ्याने हसू फुटले. दुसरा सोडला, तोही हसला. तिसराही. प्रत्येक वेळी मुलगी टाळ्या पिटून "हसला, हसला!" करी. आवाज ऐकून शेजारच्या दोघी आल्या. त्यांतली एक म्हणाली, "काकू, तुमचं तोंडच तसं हाये, त्याला बघून त्यो तरी काय करंल?" मग तर काही विचारू नका. काकू झारा हातात घेऊन हसते आहे, शेजारणी पदर तोंडाला लावून हसताहेत, आणि मीही हसत होते. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच. मध्येच मला ते जाणवले आणि लाज वाटली. पण हसू थांबेना.

तेवढ्यात माजघरातून आवाज आला.

"काय हसताय गं इतकं?"

सगळ्या एकदम गप्प झाल्या. काकूने मात्र मान वळवली नाही. कढईकडे पाहतच ती म्हणाली, "काय न्हाई जाऊबाई. तुमच्यापरीस भारी सुगरण बसलीय हितं चुलीपुढं!"

आत बांगड्यांचा आवाज झाला. आई माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. उजेडाने तिचे डोळे मिचकावत होते. ती दोन पावले पुढे आली, कढईत वाकून पाहिले, आणि गेल्या तीन महिन्यांतले सगळ्यांत लांब वाक्य बोलली.

"गूळ जास्ती झालाय, आन् पीठबी मुरलं न्हाई. चांगल्या तुपाचं वाटोळं केलंस. सरक तिकडं."

काकू सरकली. आईने मूठभर तांदळाची पिठी मागितली, गोळा पुन्हा मळला, आणि चुलीपुढे बसली. तिने सोडलेला अनारसा हसला नाही. त्याला चांगली जाळी पडली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकदम ती गुहा आठवली. मी उठूनच बसले. काकूने आयुष्यात जपानचे नाव फक्त घड्याळावर वाचले असेल. तिला कुणी सांगितले, असे विचारले की असे उत्तर द्यायचे? आईपेक्षा भारी सुगरण आमच्या गावात नाही, हे काकूला ठाऊक होते आणि आईलाही ठाऊक होते. अमातेरासुपुढे देवांनी आरसा धरला, त्यात तिला दिसली ती तीच. माणसाला त्याचे तोंड दाखवले, की ते अंधारातून वाकून पाहते. आम्ही तीन महिने आईपुढे तिचे दुःख धरत होतो.

आणि तो दोर? तोही होता. दुसऱ्या दिवशी पहाटे काकू पुन्हा आली. या वेळी हरभऱ्याची डाळ निवडायला. तिसऱ्या दिवशी लसूण सोलायला. दिवाळी संपली, मी नगरला परतले, तरी काकूची सूपे आणि पाट्या आमच्या ओसरीवरच. आई माजघराकडे वळली, की काकू काही ना काही विचारायची.

सगळे गोड झाले, असे मी म्हणणार नाही. आईचे दुःख तिच्याजवळच आहे. अजून कधी कधी बोलता बोलता ती थांबते आणि वडिलांच्या खुंटीकडे पाहते. पण पाहते ती ओसरीवर बसून.

भाऊबीजेला भाऊ आला, तेव्हा त्याने दाराचा विषय काढला. माप तयार होते, पैसेही त्याने बाजूला ठेवले होते. मी गप्प राहिले. आईने त्याला ओवाळले, ताट खाली ठेवले आणि म्हणाली,

"कुत्र्यामांजराचा तरास हाये, एक फळी करून दे उभी करायला. कडी नको."

"अगं पण आई, निदान रात्रीपुरती तरी..."

"बाहेरून नको," आई म्हणाली. मग जरा थांबून, कुणाकडेच न बघता म्हणाली, "आन् आतून तर नकोच."

भावाने फळी करून दिली. ती अजून आहे. रात्री चौकटीला टेकवतात, सकाळी भिंतीला लावून ठेवतात, दिवसा तिच्यावर पापड वाळतात.

माझ्या दाराच्या तीन कड्या मात्र तशाच आहेत. शहर आहे, लावाव्या लागतात. पण लक्ष्मीपूजनाला इमारतीतल्या कड्या वाजू लागल्या, की मी आपले दार आणखी थोडा वेळ उघडे ठेवते. समोरच्या वहिनी विचारतात, "अहो बाई, लक्ष्मी येऊन गेली ना?"

मी म्हणते, "ती आली हो. पण दारावरून कुणी हसत जात असेल, तर आतल्याला ऐकू यायला नको का?"